शिकाऊ उमेदवार आणि त्याचा उस्ताद

२० मार्च २०१८, मंगळवार. मुंबई कामाला निघायच्या वेळी, सकाळी सातच्या सुमारास, दादर आणि माटुंग्याच्या मधे शेकडो तरुण मध्य रेल्वेच्या रुळांवर येऊन बसले. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि जवळपास साडेतीन तास वाहतूक बंद राहिली. लाखो माणसं अडकली. रुळांवर बसलेली मुलं रेल्वेच्याच कारखान्यांत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेली होती. रेल्वेभरतीत अप्रेंटिस उमेदवारांसाठी ठेवलेली २० टक्क्यांची मर्यादा काढा आणि आम्हाला सरसकट सामावून घ्या, ही त्यांची मागणी होती.

प्रवाशांचे हाल झाले आणि त्या मार्गाचं समर्थन मी करणार नाही. पण फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन म्हणून रेल्वेच्या डब्याखाली वाकून काम केलेल्या या मुलांना बाहेरच्या बाजारात आपल्याला विचारणारं कोणी नाही, असं का वाटत होतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात राहिला. कारखान्यात वर्षभर हात काळे केलेल्या मुलाला खरं तर दहा दारं उघडी असायला हवीत. त्याला एकच दार दिसत असेल, तर त्या वर्षभरात नेमकं काय घडलं हे पाहायला हवं.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उत्तर प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात एवढंच सांगितलं, की बाकी सगळं समान असेल तर थेट उमेदवारापेक्षा त्या संस्थेत शिकलेल्या अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. म्हणजे नोकरीचा शब्द कोणी दिलेलाच नाही. दिलेला शब्द शिकवण्याचा आहे. तो पाळला जातो का, हे पाहायला मी भोसरी, चाकण आणि पाबळ परिसरात फिरले.

भोसरी एमआयडीसीच्या आतल्या गल्लीतलं एक छोटं वर्कशॉप. डझनभर कामगार, चार लेथ, दोन मिलिंग, एक जुनी सरफेस ग्राइंडर आणि कोपऱ्यात नवी सीएनसी. मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादारांना लागणारे बुश आणि पिना इथे जॉबवर्कवर होतात. मालक स्वतः कधीकाळी एका वाहन कंपनीत अप्रेंटिस होता. त्याच्याकडे धाराशिव जिल्ह्यातून आलेला, टर्नरचा आयटीआय केलेला एक मुलगा आहे. ज्यांच्या हाताखाली तो शिकतो त्यांना सगळं शॉप ‘मामा’ म्हणतं. मामांचं वय साठीच्या आसपास, शिक्षण नववी.

मी उभी होते तेव्हा मुलाने ४० मिलिमीटर व्यासाचा एक स्टीलचा जॉब काढला होता. टॉलरन्स २५ मायक्रॉनचा. त्याने मशीनवरच मायक्रोमीटर लावून पाहिलं होतं. माप खालच्या मर्यादेच्या जरासं वर, म्हणजे बसत होतं. पण तपासणीच्या टेबलावर तोच जॉब अंडरसाइज निघाला. मुलगा गोंधळला. मामा जवळ आले.

“कुठं मोजलास?”

“मशीनवरच, मामा. बरोबर होता तेव्हा.”

“कापल्या-कापल्या?”

“हो.”

“आत्ता दुसरा काढलायस ना? हात लाव त्याला.”

मुलाने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

“गरम जॉब मोजायचा नाही. तो फुगलेला असतो. निवू दे, पूस, मग माप घे.”

यात सगळं आलं. धातू तापला की प्रसरण पावतो, हे त्या मुलाने शाळेत वाचलेलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही असणार. हिशेब केला तर ३० अंश जास्त तापलेला ४० मिलिमीटरचा स्टीलचा जॉब १४ मायक्रॉनच्या आसपास फुगतो. २५ मायक्रॉनच्या खेळात १४ म्हणजे अर्ध्याहून जास्त. आयटीआयत हा धडा सहसा मिळत नाही. तिथे विसेक मुलांच्या तुकडीला मोजकी यंत्रं असतात, एका जॉबवर आठवडा जातो आणि निदेशक तो मोजेपर्यंत लोखंड कधीच गार झालेलं असतं. तासाला ठरावीक नग काढायचे असतात आणि चुकलेला नग गिऱ्हाईक परत पाठवतं, तिथेच हे ज्ञान उपयोगी पडतं आणि तिथेच ते मिळतं. मामांनी ते दीड मिनिटात दिलं. मुलगा ते जन्मभर विसरणार नाही.

त्या दीड मिनिटाची किंमत कोणी दिली, हे मी मालकाला विचारलं. त्याने हिशेब मांडला. नवा पोरगा आला की पहिले काही महिने टिपा तुटतात, माल वाया जातो आणि मामांच्या स्वतःच्या मशीनचं उत्पादन पडतं. “स्टायपेंडचं मला काही वाटत नाही. मामांचा वेळ जातो, तो कुठल्याच बिलात येत नाही. आणि दोन वर्षांत पोरगा तयार झाला की चाकणची मोठी कंपनी त्याला उचलणार. शिकवायचं मी आणि न्यायचं त्यांनी.” तरीही तो दरवर्षी एक-दोन मुलं घेतो. का, असं विचारल्यावर म्हणाला, “मला कोणीतरी घेतलं होतं.”

त्याची तक्रार खरी आहे. शिकवण्याचा खर्च लहान कारखाना करतो आणि फायदा सगळ्या परिसराला होतो. असा खर्च एकट्याने सोसायला लावला तर चारातले तीन मालक तो करणारच नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

सरकारने आपल्या परीने हिशेब जुळवायचा प्रयत्न केला आहे. २०१९च्या नियमांनी ३० किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक केलं. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के, कंत्राटी कामगारही त्यात मोजायचे. चार ते २९ माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक ठेवलं, म्हणजे भोसरीतला आपला मालक स्वखुशीने या व्यवस्थेत आहे. किमान विद्यावेतन पात्रतेनुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरलं. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवार परिषदेने ते ६,८०० ते १२,३०० करावं अशी शिफारस केली. २०१६पासून चालू असलेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. मामांच्या वेळाचा उल्लेख मात्र यात नाही.

खरं म्हणजे मूळ कायद्यात मामा आहेत. मालकाची कर्तव्यं सांगणाऱ्या कलमात स्पष्ट म्हटलंय, की मालक स्वतः त्या व्यवसायात पात्र नसेल, तर पात्रता असलेला माणूस प्रशिक्षणाचा प्रमुख म्हणून नेमावा. सरकारी पोर्टलवर करार नोंदवला जातो, उमेदवारांची संख्या मोजली जाते, विद्यावेतन खात्यात पडलं की नाही हे तपासलं जातं. तो पात्र माणूस कोण, तो दिवसाकाठी किती वेळ शिकवतो, हे पाहायला सहसा कोणी येत नाही.

तो माणूस नसतो तिथे काय होतं, हे चाकणच्या वाटेवर कळलं. मोशीच्या अलीकडे एका खोलीत सहा मुलं कॉट बेसिसवर राहतात. डबा मेसचा. त्यातला जालना जिल्ह्यातला एक मुलगा इलेक्ट्रिशियन ट्रेडचा. आयटीआयनंतर त्याला एका मोठ्या कारखान्यात वर्षाची अप्रेंटिसशिप मिळाली, तेव्हा घरी पेढे वाटले होते. वर्षभर त्याने पॅकिंगच्या लाइनवर खोके भरले आणि त्यांवर स्टिकर लावले. पॅनेलचा दरवाजा त्याने एकदाही उघडला नाही. “सुपरवायझरला विचारलं तर म्हणायचे, टार्गेट पूर्ण कर, मग बघू. टार्गेट रोज पूर्ण करायचो. बघायची वेळ काही आली नाही.” वर्ष संपलं, प्रमाणपत्र मिळालं, गेटपास जमा करून तो बाहेर पडला. त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी नवा अप्रेंटिस आला. आता तो ठेकेदाराकडून दुसऱ्या एका कंपनीत लागलाय, पुन्हा पॅकिंगलाच.

खोली भाडं, मेस, बसचा पास आणि महिन्यातून एकदा गावी जाणं, एवढं भागवून त्याच्या विद्यावेतनातून काही उरत नसे. घरून पैसे मागवावे लागायचे. कापूस विकून आलेले पैसे मुलाला खोके भरायला लावण्यासाठी शहरात पाठवणारा बाप आपल्या कुठल्याच अहवालात येत नाही. हे मला फार लागतं.

असं करणारा तो एकटा कारखाना नाही. दशकभरापूर्वी ‘नीम’ नावाची योजना आली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ही योजना मुलांची रोजगारक्षमता वाढावी म्हणून होती. औद्योगिक पट्ट्यात ‘नीम ट्रेनी’ म्हणजे स्वस्तातला हंगामी कामगार, असा अर्थ लवकरच रूढ झाला. पुढे ती योजना बंद करण्यात आली. योजनेची नावं बदलतात, पण शिकवणाऱ्या माणसाची जागा रिकामी ठेवली की प्रत्येक योजना त्याच उतारावरून घसरते.

आपल्याकडे या गोष्टीचं भान नव्हतं असं मुळीच नाही. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नोकरी सोडली, बेळगावला सायकलचं दुकान काढलं, लोखंडी नांगर बनवले आणि १९१०मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्या माळावर तयार कारागीर कुठून येणार होते? शेतकऱ्यांची पोरं हाताशी धरूनच ते घडवावे लागले. किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकत फिरणाऱ्यांपैकी एक होते भाऊराव पाटील. त्यांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि स्वावलंबी शिक्षण हे तिचं ब्रीद ठरवलं. साताऱ्याच्या वसतिगृहातली मुलं शेतात राबत, स्वयंपाक करत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक विद्यापीठात कानावर पडतात, ते त्यांच्यामुळे. १९३७मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला. एखादं हस्तकौशल्य मध्यभागी ठेवून गणित, विज्ञान, समाज शिकवावा, ही तिची मांडणी. ती फार पसरली नाही. पालकांना वाटलं, साहेबाच्या पोराला इंग्रजी आणि आमच्या पोराला टकळी. तो संशय समजण्यासारखा होता आणि आजही आहे. व्यवसायशिक्षणाला ‘नापास मुलांचं शिक्षण’ मानणारा पालक अडाणी नसतो. पदवीधराला खुर्ची आणि कारागिराला स्टूल हे त्याने पाहिलेलं असतं.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. १९८३मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ते पत्नीसह या दुष्काळी गावात येऊन राहिले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेची ही शाखा. आजही आश्रमात शिरलं की घुमटाकार इमारती दिसतात. त्रिकोणी सांगाड्यांचे हे घुमट विद्यार्थ्यांनी बांधलेले आहेत. पुढे या तंत्राला ‘पाबळ डोम’ असं नावच पडलं.

कलबागांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञान हा विषय तयार केला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम करण्याचा. वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग. शहरातला कारखाना एकच कौशल्य मागतो, पण खेड्यात एकाच माणसाला वेल्डिंगही यावं लागतं, मोटरही उघडावी लागते आणि कोंबड्यांना लसही टोचावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

त्यांच्या दोन निर्णयांबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आजच्या सगळ्या योजनांत नेमके तेच दोन हरवले आहेत. पहिला निर्णय असा, की शिकवायला गावातलाच काम करणारा माणूस घ्यायचा. वेल्डिंग शिकवणारा स्वतः वेल्डिंगवर पोट भरणारा हवा. त्याला शिकवण्याचे पैसे मिळतात आणि त्याचा धंदाही चालू राहतो. दुसरा निर्णय असा, की मुलांनी केलेलं काम गावाला विकायचं. गेटची जाळी, घराची वायरिंग, माती परीक्षण, हिमोग्लोबिनची तपासणी, जे काही असेल त्याचे पैसे घ्यायचे. फुकट दिलेल्या जाळीला कोणी नावं ठेवत नाही. शंभर रुपये मोजलेला शेतकरी जाळी हातात घेऊन बघतो, वेल्ड ठोकून पाहतो आणि ‘हे सुटतंय’ असं तोंडावर सांगतो. नववीतल्या मुलीला तिच्या कामाबद्दल इतकं खरं बोलणारा परीक्षक कुठल्या बोर्डाने नेमला असता?

कलबाग २००३मध्ये गेले, काम थांबलं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅबच्या जाळ्यातली अगदी सुरुवातीची प्रयोगशाळा पाबळमध्ये उभी राहिली. शाळा सुटलेल्या मुलांसाठी आश्रमात एक वर्षाचा निवासी ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम चालतो. शाळेतल्या मूलभूत तंत्रज्ञानाचा धागा धरून मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स राज्यातल्या शाळांमध्ये नववीपासून शिकवला जाऊ लागला, आणि तो पोचवण्यात ‘लेंड अ हँड इंडिया’सारख्या संस्थांनी हातभार लावला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे शिकावं असं सुचवलं, तेव्हा पाबळची आठवण येणं साहजिक होतं. फक्त दहा दिवसांत मूल सुतारकाम पाहून येतं. शिकायला त्याला पुन्हा पुन्हा त्याच माणसाकडे जावं लागतं, आणि त्या सुतारालाही त्याचे पैसे मिळावे लागतात.

सरकारी कार्यालयांतही हेच चित्र वेगळ्या रंगात दिसतं. महाराष्ट्राने २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना, थेट राज्याकडून. मुदत आधी सहा महिन्यांची होती, मग ११ महिन्यांपर्यंत वाढवली. एका तहसील कार्यालयात या योजनेतून आलेली वाणिज्य शाखेची एक पदवीधर मुलगी भेटली. पहिले दोन महिने तिने फक्त झेरॉक्स आणि टपाल केलं. मग निवृत्तीला आलेल्या एका अव्वल कारकुनाने तिला जवळ बसवून टिपणी कशी लिहायची, संदर्भ कसे जोडायचे, नस्ती कुठे अडते हे शिकवायला घेतलं. “काका आता ऑर्डर वाचून दाखवायला मलाच सांगतात,” ती अभिमानाने म्हणाली. ती घडली ती काकांच्या मर्जीने. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला असे काका मिळाले नाहीत, तो अजून झेरॉक्स काढतो. मुदत संपत आल्यावर दोघांनाही ‘कायम करा’ या मागणीच्या मोर्चात जावंसं वाटतंय. २०१८च्या त्या रुळांची आठवण होऊन मी चरकले.

जर्मनीचं उदाहरण आपल्याकडे फार दिलं जातं. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. तिथली दुहेरी पद्धत, आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले व्यवसायशाळेत, आपण कौतुकाने सांगतो. पण १९६९चा त्यांचा व्यावसायिक शिक्षण कायदा ज्यावर उभा आहे तो भाग सांगायचा राहतो. कारखान्यात ज्याच्या हाताखाली मुलं शिकणार, त्याला शिकवता येतं का याची वेगळी परीक्षा तिथे असते. हातात कौशल्य असणं पुरेसं धरत नाहीत. आणि उमेदवाराची अंतिम परीक्षा त्याचा मालक घेत नाही, उद्योग-व्यापार मंडळ घेतं. खोके भरायला लावलेला मुलगा त्या परीक्षेत नापास होईल आणि बोट कारखान्याकडे जाईल, ही भीती तिथल्या मालकाला असते.

आपल्याकडेही शिकाऊ उमेदवारांची राष्ट्रीय परीक्षा आहे. त्या निकालात कारखान्याचं नाव लावून तो जाहीर केला, तर पुढच्या वर्षी कुठे जायचं हे मुलांना आपोआप कळेल. २०१४च्या दुरुस्तीने कायद्यातली मालकाच्या तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली, दंड ठेवला. मला ते योग्यच वाटतं. धाकाने जागा भरतात, शिकवणं होत नाही. पण धाक काढल्यावर त्या जागी चांगल्या मालकाचा नावलौकिक यायला हवा होता, तो आलेला नाही. भोसरीचा मालक आणि स्टिकर लावून घेणारा कारखाना, पोर्टलवर दोघांची नोंद सारखीच दिसते.

पुण्याजवळच्या एका शासकीय आयटीआयतल्या गटनिदेशकांनी यावर आपल्यापुरता मार्ग काढलाय. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. प्रत्येकाने एवढं केलं तरी पुष्कळ होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे एक साधी वही आहे. दरवर्षी बाहेर पडलेल्या मुलांना ते सहा महिन्यांनी फोन करतात आणि तीनच गोष्टी विचारतात. तुला कोण शिकवतं, त्याचं नाव काय? गेल्या आठवड्यात नवीन काय शिकलास? यंत्र स्वतः चालवायला कधी मिळालं? पहिल्या प्रश्नाला ज्या मुलाला नाव सांगता येत नाही, त्याच्या कारखान्याच्या पानावर ते लाल पेनाने खूण करतात. पुढच्या वर्षी तिथे मुलं पाठवताना पालकांना बोलावून हे स्पष्ट सांगतात.

“कारखाना नाराज नाही होत?” मी विचारलं.

“एकाचे एचआर आले होते चिडून. म्हणाले, सर, आमच्याकडे पोरं का येत नाहीत? मी वही दाखवली. त्यांनी एक महिन्याने दोन सिनिअर फिटरची नावं लिहून दिली. म्हणाले, आता हे शिकवतील, त्यांचं प्रॉडक्शनचं टार्गेट आम्ही कमी केलंय.” सरांनी वही पुढे केली. त्या पानावरची लाल खूण तशीच होती. खाली पेन्सिलने दोन नावं लिहिलेली होती. ही खूण खोडायची की नाही ते जानेवारीत ठरेल, म्हणाले, मुलांना फोन केल्यावर.